आमची वाटचाल : डोळ्याच्या पडद्याच्या फोटोवरून शरीराची तपासणी

सुरुवात मधुमेहापासून केली, कारण तिथे रस्ता तयार होता. एप्रिल २०१८ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध व उपकरण नियामकाने आयडीएक्स-डीआर या सॉफ्टवेअरला मंजुरी दिली. फोटो डॉक्टरने न पाहताही पडद्याच्या मधुमेही विकाराचा निकाल देणारी ती पहिली प्रणाली. पुढे मुंबई महापालिकेच्या दवाखान्यांत मोबाइलवरच्या कॅमेऱ्याने, इंटरनेटशिवाय, अशी तपासणी झाली. शिबिरांची सेवा आम्ही त्याच धर्तीवर बांधली.

सॉफ्टवेअर विकत मिळतं, चांगला फोटो मिळत नाही. दर डोळ्याचे ४५ अंशांचे दोन फोटो लागतात, एकात मॅक्युला (पडद्याचा नेमकं पाहणारा मधला भाग) मध्यभागी, दुसऱ्यात ऑप्टिक डिस्क (डोळ्याची नस पडद्याला मिळते ती जागा). बाहुली मोठी करणाऱ्या थेंबांशिवाय काढायचे तर बाहुली साधारण ४ मिमी उघडायला हवी. म्हणून रुग्णाला पाच मिनिटं अंधारात बसवतो. शाळेच्या वर्गात अंधार कुठला, तेव्हा काळ्या कापडाचा आडोसा सामानातच असतो. एका डोळ्यावर फ्लॅश पडला की दुसऱ्याचीही बाहुली आकसते. इथे घाई केली की फोटोच्या कडा काळ्या येतात. मोतीबिंदू असेल तर सगळंच धुरकट. मग ट्रोपिकामाइडचे थेंब घालून वीसेक मिनिटं थांबायचं. त्याआधी टॉर्चने डोळ्याचा पुढचा कप्पा उथळ नाही ना, हे बघायलाच हवं, नाहीतर काचबिंदूचा झटका येऊ शकतो. थेंब घातल्यावर काही तास दुचाकी बंद. आणि वेगवेगळ्या रुग्णांच्या फोटोंत ठिपका एकाच जागी दिसला, तर ती लेन्सवरची धूळ. सॉफ्टवेअर तिला रक्तस्राव समजू शकतं.

मग हृदयाकडे वळलो. २०१८ च्या गूगलच्या अभ्यासात २,८४,३३५ रुग्णांच्या फोटोंवर मॉडेल शिकवलं होतं. वय सरासरी ३.२६ वर्षांच्या फरकाने ओळखलं, वरचं बीपी ११.२३ मिमीच्या. दंडाला पट्टा बांधून बीपी याहून नेमकं कळतं, तेही स्वस्तात. हृदयविकाराच्या धोक्याच्या अंदाजाचा एयूसी (धोक्यातली माणसं वेगळी ओळखण्याची क्षमता; १ म्हणजे अचूक, ०.५ म्हणजे नाणेफेक) ०.७०, तर वय, बीपी अशा माहितीवरून काढलेल्या युरोपीय ‘स्कोअर’चा ०.७२. शिवाय असं मॉडेल बरंचसं वयच ओळखून धोका सांगत नाही ना, हा प्रश्न उरतोच. हृदयाचा आकडा आम्ही अहवालातून वगळला.

आता आम्ही दिसतं तेवढंच लिहितो : अरुंद धमन्या, धमनीखाली दबलेली शीर, ज्वालेसारखे रक्तस्राव, कापसासारखे डाग. यातलं काही आढळलं की बीपी तिथेच मोजतो आणि एचबीए१सी (तीनेक महिन्यांची सरासरी साखर), क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम) या रक्ततपासण्यांना पाठवतो. दोन्ही डिस्क सुजलेल्या असतील तर त्याच दिवशी रुग्णालयात.

अहवालात ‘रोग आहे’ असं वाक्य नसतं, त्यामागे साधा हिशोब आहे. १,००० लोकांत ५० रुग्ण धरा. रुग्ण ओळखण्यात आणि निरोगी वगळण्यात प्रणाली ९० टक्के अचूक असली, तरी ४५ खरे रुग्ण सापडतात आणि ९५ निरोगी माणसं उगाच धास्तावतात. म्हणून पुढच्या तपासण्यांची सोय नसलेल्या आयोजकांचं काम आम्ही घेत नाही.