रात्री साडेदहाचं रडू

कॉलेजात असताना मे महिन्यात मी लहान मुलांच्या निसर्ग शिबिरांना 'दादा' म्हणून जायचो. पुण्याहून निघालेली बस संगमनेर, अकोले, राजूर करत भंडारदऱ्याच्या शेंडी गावात पोचायची. नऊ ते तेरा वयाची मुलं, दहा-बारा जणांचा एक गट आणि प्रत्येक गटामागे एक दादा किंवा ताई. माहितीपत्रकावर रॅपलिंगचे, म्हणजे दोराने कडा उतरण्याचे, झकास फोटो असायचे आणि पालक पैसे मोजायचे ते त्या फोटोंसाठीच. पण दोर, हार्नेस (अंगाला बांधायचे पट्टे), बिले (उतरणाऱ्याचा दोर धरून त्याला सांभाळणं) हे सगळं प्रशिक्षित गिर्यारोहक बघायचे. आमच्या वाट्याला यायचं ते पाणी प्यायला लावणं, हरवलेले मोजे शोधणं, शू-शी आणि डोकी मोजणं.

डोकी किती वेळा मोजायची याला अंतच नव्हता. बसमधून उतरताना, रतनवाडीच्या अमृतेश्वराच्या देवळातून निघताना, जेवायला बसताना. मुलं एका जागी राहत नाहीत, त्यामुळे मोजणी दर वेळी चुकायची. म्हणून जोड्या लावलेल्या असायच्या. शिट्टी वाजली की जोडीदाराचा हात धरून उभं राहायचं. एकटं कोण उरलंय ते लगेच दिसतं.

कळसूबाईला (१६४६ मीटर) बारी गावातून पहाटेच चढायला सुरुवात करायचो, उन्हाच्या आधी. तिथे एका जुन्या दादाने शिकवलेली गोष्ट मी आजही पाळतो: सगळ्यांत हळू चालणारं पोर सगळ्यांत पुढे ठेवायचं. मागे ठेवलं तर काय होतं? पुढचे धावत जातात, दगडावर बसून आराम करतात आणि हे पोर धापा टाकत पोचलं की 'चला' म्हणून उठतात. म्हणजे ज्याला विश्रांतीची सगळ्यांत जास्त गरज, त्याला ती मिळतच नाही. पुढे ठेवलं की बाकीचे कुरकुरतात, पण अख्खा गट एकत्र शिड्यांपाशी पोचतो.

खरी परीक्षा मात्र पहिल्या रात्रीची. दिवसभर मस्त हुंदडलेली, नागलीची भाकरी आणि पिठलं चापून खाल्लेली मुलं. टॉर्च बंद झाले की साडेदहाच्या सुमाराला एका कोपऱ्यातून मुसमुस सुरू. दहा मिनिटांत दुसरा. मग तिसरा, ज्याला तोपर्यंत घर आठवलंही नव्हतं. "दादा, आईला फोन लावा ना." पहिल्या रात्री फोन लावायचा नाही असा आमच्याकडे नियम होता. सुरुवातीला मला तो दुष्टपणाचा वाटला, पण आईचा आवाज ऐकून शांत झालेलं पोर मी तरी पाहिलं नाही. "काय झालं बाळा?" हेही विचारायचं नाही. विचारलं की हुंदक्याचं भोकाड होतं.

मी म्हणायचो, "ऊठ, बूट तपासायचेत." तिकडे विंचू असतात, बूट झटकल्याशिवाय पायात घालायचे नाहीत हे सकाळीच सांगितलेलं असायचं. तेव्हा हे काम थापेचं नव्हतं. सकाळी पुन्हा झटकावेच लागायचे, हे मात्र तेव्हा सांगायचो नाही. टॉर्च त्याच्या हातात. ओळीतला एकेक बूट उलटा करून आपटायचा, आत उजेड टाकायचा, पुढचा घ्यायचा. चौथ्या-पाचव्या जोडापर्यंत नाक ओढणं चालू. मग हळूच: "दादा, हा कुणाचा हो? मेलेल्या उंदरासारखा वास येतोय!" एवढं झालं की मी सुटलो. दुसऱ्या दिवशी हाच गडी करवंदाच्या जाळीपाशी सगळ्यांना 'कोंबडा की कोंबडी' खेळवताना दिसायचा. आतून लाल निघालं तर कोंबडा.

मेअखेरच्या शिबिरात काजवे मिळायचे. सादडा, हिरडा, जांभळाची झाडं अशी उजळतात की सगळी एकदम लागतात, एकदम विझतात. ती चमक म्हणजे नरांनी माद्यांना दिलेली खूण. त्यावर गाड्यांचे हेडलाइट आणि मोबाइलचे फ्लॅश मारत हिंडणाऱ्या पर्यटकांचा मला तेव्हाही संताप यायचा, आजही येतो. आमची मुलं त्यापेक्षा शहाणी, टॉर्च खिशात ठेवायची. गप्प मात्र बसायची नाहीत.

"दादा, यांना चार्जिंग लागतं का?"

पोटात लुसिफेरिन नावाचं रसायन असतं, त्याचा ऑक्सिजनशी संयोग होऊन प्रकाश पडतो, उष्णता जवळपास होतच नाही, असं मी सांगितलं. "मग आमच्याकडचा पिवळा बल्ब का गरम होतो?" मी इलेक्ट्रिकलच्या दुसऱ्या वर्षाला होतो, त्यामुळे छाती फुगवून उत्तर दिलं. त्यावर ट्यूबलाइट, मग इस्त्री, मग सूर्य. सूर्य निम्मा झाला असेल तेवढ्यात एकाला शू लागली, आणि मग अर्थातच सगळ्यांना.