तुम्ही विचारलेत म्हणून: तपकिरी भोवत्याचे नाव

छायाचित्रे पाठवणारे, माळावर सोबत येणारे आणि घरचेसुद्धा मला एकच प्रश्न विचारतात: इतके हिवाळे भोवत्यांच्या, म्हणजे हॅरिअर या शिकारी पक्ष्यांच्या, मागे फिरूनही तुम्ही बहुतेक नोंदींपुढे ‘प्रजाती अनिश्चित’ असे का लिहिता? प्रश्नामागचा सूर मला कळतो. एक तर याला ओळखता येत नाही, किंवा हा उगाच कीस पाडत बसतो. मला यातले काहीच मान्य नाही, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो.

प्रौढ नरांबद्दल माझी तक्रार नाही. पॅलिड हॅरिअरच्या फिकट राखी नराच्या पंखाच्या टोकाला काळी अरुंद पाचर असते, तर माँटेग्यूच्या नराच्या पंखावर आडवी काळी पट्टी दिसते. अडचण तपकिरी पक्ष्यांची, म्हणजे माद्यांची आणि पहिल्या वर्षाच्या पिल्लांची आहे. पॅलिड, माँटेग्यू आणि हेन या तिन्ही हॅरिअरांच्या तपकिरी पक्ष्यांना शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा असतो, आणि लोक नेमक्या त्याच पट्ट्याच्या जोरावर माझ्याकडे नाव मागतात. पहिल्या वर्षाच्या पॅलिडच्या गळ्याभोवती स्वच्छ फिकट कॉलर आणि तिच्यामागे गडद मान दिसली, तर मी नाव लगेच देतो. प्रौढ मादी असेल तर पंखाची खालची बाजू दिसावी लागते: माँटेग्यूच्या मादीच्या आतल्या उड्डाणपिसांवर गडद पट्टे ठळक आणि सुटे असतात, पॅलिडच्या मादीची तीच पिसे एकूणच काळपट वाटतात. डोक्यावरून जाणारा पक्षी हे सारे फार तर दोन-तीन पंखझापांपुरते दाखवतो.

आता सुप्याजवळच्या माळरानाबद्दल, कारण तुमच्यापैकी बरेच जण खरे तर त्याच नोंदीबद्दल विचारत असतात.

ज्या सरांनी मला शिकारी पक्षी बघायला शिकवले, त्यांच्यासोबत मी जानेवारीतल्या एका संध्याकाळी तेथे होतो. भोवत्ये रातथाऱ्याकडे परतू लागले होते. ऊन अगदी तिरपे झाले असताना एक मोठी तपकिरी मादी कुसळी गवतावरून, पंख उथळ ‘व्ही’सारखे उचलून, आमच्या बाजूने गेली आणि वळली. सर पटकन म्हणाले, “हेन आहे. पंखांची रुंदी बघ, चाल बघ किती जड आहे.” हेन हॅरिअर मुख्यतः उत्तर भारतात हिवाळा काढतो, आपल्याकडे तो दिसणे ही दुर्मीळच गोष्ट. मी पंखाच्या टोकाची बोटे, म्हणजे सुटी दिसणारी पिसे, मोजत होतो. हेनची पाच दिसतात, इतर दोघांची चार. मला चार स्पष्ट दिसली आणि पाचव्याच्या जागी काहीतरी होते. माझ्या छायाचित्रांत पंखाचे टोक नेमके हललेले आले.

पुढे जिल्ह्याची यादी करताना भोवत्यांच्या नोंदी तपासण्याचे काम माझ्याकडे आले आणि सरांची नोंद मी अनिश्चितांत ठेवली. त्या रात्री त्यांचा फोन आला. ते चिडले नव्हते. “तुला माझ्या डोळ्यांवर भरवसा नाही का रे?” एवढेच त्यांनी विचारले. मी म्हणालो, “सर, तुमच्या डोळ्यांवर आहे, पण यादी वाचणाऱ्याला तुमचे डोळे कुठून देऊ?” वाक्य बरोबर होते, तरी ते फोनवर बोलायचे नव्हते, असे मला आजही वाटते. त्यानंतर ते माझ्यासोबत माळावर आले नाहीत.

सरांनी हेन पाहिलाच नाही, असे मी कधीही म्हटलेले नाही; जे म्हटले नाही त्याचा जाब मला विचारू नये. मात्र त्या काळी मी ज्या खात्रीने ‘बोटे मोजा आणि नाव द्या’ असे सांगत असे, ती खात्री आता तितकी उरलेली नाही. एखादे पीस गळून नवे अर्धेच वाढलेले असले, तर मोजणी फसते. शिवाय फिनलंडमध्ये पॅलिड आणि हेन यांच्या संकराच्या नोंदी झाल्या आहेत, आणि अशा पक्ष्याच्या पंखाचे टोक दोघांच्या मधले असू शकते. मग सर बघत होते ती सबंध ठेवण आणि चाल अधिक विश्वासाची होती का? कधी वाटते, होती. पण वाऱ्याविरुद्ध उडणारी पॅलिडची मादीही जड वाटते, हे मी त्याच माळावर पाहिले आहे, आणि मग मी पुन्हा माझ्या जुन्या मताकडे येतो.

नोंद अजून तशीच आहे. ती बदलावी असे ज्यांना वाटते, त्यांनी सरांचा अनुभव मला सांगू नये, तो मला तुमच्यापेक्षा अधिक माहीत आहे. त्या हिवाळ्यात त्या परिसरात कोणी तपकिरी भोवत्या टिपला असेल आणि पंख पूर्ण पसरलेले असताना टोकाची पिसे सुटी दिसत असतील, तर ते छायाचित्र मला पाठवा. अंधूक असले तरी चालेल, फक्त कापून लहान करू नका.