डेशूट्सच्या काठी तीन दिवस: स्वतः बांधलेल्या फ्लाय आणि स्टीलहेड

गेल्या ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मी अमेरिकेतील ओरेगन राज्यातल्या डेशूट्स नदीवर तीन दिवस ट्राउट आणि समुद्रातून परतणारा त्याचा मोठा भाऊबंद स्टीलहेड यांची मासेमारी केली. रत्नागिरीजवळच्या खाडीत आयुष्यभर गरवत आलेले माझे बाबा त्या दिवसांत आमच्याकडे आले होते, म्हणून त्यांनाही बरोबर नेले. डबीत चाळीस फ्लाय होत्या आणि त्या सगळ्या मी उन्हाळाभर रात्री जेवणानंतर घरी बांधल्या होत्या. फ्लाय म्हणजे गळाच्या दांडीवर दोरा, पिसे, केस आणि लोकर गुंडाळून केलेले, जवळजवळ वजन नसलेले आमिष. ते स्वतःच्या वजनाने दूर जात नाही, त्याला जाड दोरीच्या वजनावर फेकावे लागते.

पोर्टलंडहून मॉपिन हे नदीकाठचे गाव साधारण १६० किलोमीटरवर आहे. माउंट हूड ओलांडला की देवदारासारखी दाट झाडी संपते, कोरडे पिवळे गवत सुरू होते आणि रस्ता एकदम खोल दरीत उतरतो. दरीच्या भिंतींवर बसाल्टचे थर एकावर एक रचलेले दिसतात. बाबा गाडीतून उतरले आणि म्हणाले, "अगं, हा तर आपल्या घाटातला काळा दगड!" ते बरोबरच होते, कारण दख्खनप्रमाणेच कोलंबिया नदीच्या खोऱ्यातले हे पठारही लाव्ह्याच्या पुरांनी बनले आहे, फक्त वयाने पुष्कळ लहान आहे.

मुक्काम आणि रस्त्याबद्दल थोडक्यात सांगते. मॉपिनमध्ये मोटेल आहेत आणि नदीकाठाने तंबूच्या सरकारी जागाही आहेत. गावापासून खालच्या दिशेला शेरार्स धबधबा आणि पुढे मॅक्स कॅनियनपर्यंत काठाकाठाने रस्ता जातो, तर वरच्या दिशेला लॉक्ड गेट नावाच्या बंद फाटकापर्यंत कच्चा रस्ता आहे. त्यामुळे नाव नसली तरी अडत नाही. शिवाय या नदीत तरंगत्या नावेतून गळ टाकण्यास मनाईच आहे, पाण्यात किंवा काठावर उभे राहूनच मासेमारी करावी लागते. ओरेगनचा परवाना आणि स्टीलहेडसाठीचा वेगळा टॅग दोन्ही घ्यावेत. वरच्या भागात पश्चिम काठ वॉर्म स्प्रिंग्ज जमातींच्या राखीव प्रदेशाचा आहे, तेथे त्यांची परवानगी लागते. स्टीलहेड कमी परतले की नियम हंगामाच्या मध्येही बदलतात. २०२१ मध्ये तर या नदीवरची स्टीलहेडची मासेमारी शरद ऋतूत थांबवण्यात आली होती. म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी ताजे नियम वाचावेत आणि कोलंबिया नदीवरच्या बॉनव्हिल धरणावरील माशांची रोजची मोजणीही पाहून घ्यावी.

फ्लाय बांधण्याआधी मासा समजून घेतला पाहिजे. रेनबो ट्राउट आणि स्टीलहेड ही एकच जात आहे. जो नदीतच राहतो तो ट्राउट, येथे त्याला रेडसाइड म्हणतात. जो लहानपणी समुद्रात जातो आणि एक-दोन वर्षांनी मोठा होऊन परततो तो स्टीलहेड. मॉपिनपाशी पोहोचलेला स्टीलहेड बॉनव्हिल आणि द डॅल्स ही दोन धरणे ओलांडून समुद्रापासून सुमारे ४०० किलोमीटर आलेला असतो आणि नदीत शिरल्यावर तो फारसे खात नाही. त्यामुळे ट्राउटची फ्लाय बांधताना त्या पाण्यातल्या किड्याची नक्कल करावी लागते. स्टीलहेडची फ्लाय मात्र कशाचीच हुबेहूब नक्कल नसते. तिच्यात हालचाल, ठळक आकार आणि थोडी चमक असावी लागते.

स्टीलहेडसाठी मी ग्रीन बट स्कंक ही जुनी आणि खात्रीची फ्लाय बांधली होती. ४ आणि ६ क्रमांकाचे गळ (क्रमांक वाढतो तसा गळ लहान), काळा दोरा, शेपटीला लाल रंगवलेल्या पिसाचे आठ-दहा तंतू, त्यापुढे झगझगीत हिरव्या शेनीलचे, म्हणजे मखमली जाड दोऱ्याचे, दोन वेढे, मग काळ्या शेनीलचे अंग, त्यावर चंदेरी जरीचे चार-पाच वेढे, मानेशी काळे पीस आणि वर वासराच्या शेपटीच्या पांढऱ्या केसांचा पंख. लिहायला हे सोपे आहे. चूक होते ती शेवटच्या दोन मिलिमीटरमध्ये. पांढरे केस जरा जास्त घेतले की ते बांधायला दोऱ्याचे वेढे जास्त लागतात, डोके फुगते आणि गळाच्या नेढ्यावर चढते. मग शेवटच्या गाठीला जागाच उरत नाही.

माझ्या पहिल्या डझनभर फ्लाय अशाच झाल्या होत्या आणि त्याची किंमत पहिल्याच पहाटे मोजावी लागली. अंधारात डोक्यावरच्या दिव्याच्या उजेडात, थंडीने बधिर झालेल्या बोटांनी मी दोरी ओवायला गेले, तर नेढे शेवटच्या गाठीवर लावलेल्या वार्निशने बुजलेले होते. दुसरी फ्लाय लावली. ती अर्ध्या तासात सुटू लागली, काळा दोरा पाण्यात लोंबू लागला आणि पंख एका बाजूला कलला. पाण्यावर ऊन पडण्यापूर्वीचा तास हा स्टीलहेडसाठी दिवसातला सर्वांत मोलाचा वेळ, आणि त्यातला बराचसा माझा असा गेला. म्हणून आग्रहाने सांगते: बांधायला सुरुवात करतानाच नेढ्यामागे नेढ्याएवढी दांडी मोकळी सोडावी, केस आपल्याला वाटतात त्याच्या निम्मेच घ्यावेत आणि वार्निश ओले असतानाच टाकाऊ पिसाची काडी नेढ्यातून फिरवावी. गळाचा उलटा काटाही बांधण्यापूर्वीच पकडीने दाबून घ्यावा, कारण दाबताना कधीकधी गळ मोडतो आणि बांधून झालेली फ्लाय वाया जाते.

दुपारी ऊन तापल्यावर मी ट्राउटकडे वळले. बाबा काठाजवळच्या उथळ पाण्यातले दगड उलटून पाहत होते. त्यांनी बोटभर लांबीची एक नळी माझ्या हातावर ठेवली. बारीक खडे एकमेकांना चिकटवून ती बांधलेली होती, आतून रेशमासारखी गुळगुळीत आणि रिकामी. ऑक्टोबर कॅडिस नावाच्या किड्याच्या अळीचे ते घर. त्या संध्याकाळी मोटेलच्या दारावरच्या दिव्यापाशी त्याच जातीचा पंख फुटलेला किडा भिंतीवर बसलेला सापडला. मी त्याच्या नकलेची माझी ८ क्रमांकाची फ्लाय त्याच्या शेजारी धरली. माझे नारिंगी अंग झेंडूसारखे भडक होते, किड्याचे पोट मात्र वाळलेल्या जर्दाळूच्या रंगाचे, मळकट.

सुदैवाने मी बांधण्याचे साहित्य बरोबर नेले होते. गळ पकडून ठेवणारा लहान व्हाइस टेबलाच्या कडेला आवळला, नारिंगी लोकरीत थोडी तपकिरी लव बोटांनी मिसळली आणि चार नव्या फ्लाय बांधल्या. पंखाला एल्क हरणाचे केस, कारण ते पोकळ असल्याने तरंगतात. अल ट्रॉथ यांनी १९५७ मध्ये तयार केलेल्या एल्क हेअर कॅडिस या प्रसिद्ध फ्लायची हीच खुबी आहे. बाबा शेजारी बसून पाहत होते. "दोरा सैल सोडतेस तू," ते म्हणाले. "गरीला दोरा बांधताना ताण एकदा सुटला की गाठ वरून नीट दिसते, आतून पोकळ राहते." त्यांनी माझे बोट दोऱ्याची रीळ धरणाऱ्या बॉबिनवर थोडे पुढे सरकवले, आणि पोकळ केस दोऱ्याखाली फिरायचे थांबले. अनेक महिने मला न सुटलेली अडचण तेवढ्याने सुटली.

साहित्यातली पिसे पाहून त्यांनी रानकोंबड्याचे पीस ओळखले. त्याच्या मानेवरच्या मेणासारख्या पांढऱ्या ठिपक्यांच्या पिसांना सामन माशाच्या जुन्या ब्रिटिश फ्लायमध्ये फार मान होता. सह्याद्रीतला हा पक्षी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे, आणि माझ्याकडचे पीस परदेशात पाळलेल्या पक्ष्याचे आहे. भारतातून येताना कोणाच्याही हाती कच्ची पिसे मागवू नयेत. गावठी कोंबड्याचीसुद्धा नकोत. विमानतळावरच्या तपासणीत ती अडकतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही लॉक्ड गेटच्या रस्त्यावर लवकर पोहोचलो. मी वाहत्या पट्ट्याच्या वरच्या टोकाला उतरले, तिरकी खालच्या दिशेला फेक केली, दोरी ताणून फ्लायला काठाकडे झुलत येऊ दिले आणि प्रत्येक फेकीनंतर दोन पावले खाली सरकले. येथे हाच रिवाज आहे, आणि आधी उभ्या असलेल्या माणसाच्या खालच्या बाजूला कधीही शिरू नये. तासाभराने, फ्लाय झुलत काठाशी येऊन थांबत असताना दोरी जड झाली आणि रीळ ओरडू लागले. फ्लाय होती ६ क्रमांकाची, सर्वांत शेवटी बांधलेली, केस संपत आल्यामुळे विरळ झालेली. जड पंखाच्या फ्लाय पाण्यात आडव्या कलत होत्या, ही सरळ पोहत होती. मासा सुमारे ६५ सेंटिमीटरचा होता आणि पाठीवरचा शेपटीजवळचा छोटा मांसल पर शाबूत होता, म्हणजे रानटी. असा मासा सोडणे बंधनकारक आहे. मी त्याला पाण्याबाहेर काढलेच नाही. काटा दाबलेला असल्याने गळ बोटाच्या एका हालचालीने निघाला, आणि क्षणभर माझ्या तळहातावर स्थिर राहून तो खोल पाण्यात गेला. बाबा काठावरून बघत होते. धरलेला मासा सोडून देणे त्यांनी आयुष्यात केले नव्हते. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, आणि मग त्यांनी फक्त ती फ्लाय हातात मागून घेतली.

संध्याकाळी मळकट नारिंगी कॅडिसवर आठ रेडसाइड आले. भडक रंगाच्या फ्लायवर एकही नाही. तिसऱ्या दिवशी ढग होते, स्टीलहेड लागला नाही, मात्र १६ क्रमांकाच्या फेझंट टेल या बारीक फ्लायवर ट्राउट दुपारपर्यंत लागत राहिले.

जाणाऱ्यांनी तळाला खिळे असलेले बूट आणि आधाराची काठी न्यावी, कारण गोटे निसरडे आहेत आणि प्रवाह दिसतो त्यापेक्षा जोरकस आहे. उन्हाच्या दिवसांत गवतात रॅटलस्नेक असतात, हात-पाय पाहून टाकावेत. पाण्याचे तापमान २० अंश सेल्सिअसच्या वर गेले की मी मासेमारी थांबवते, कारण गरम पाण्यात दमलेला मासा सोडल्यावरही वाचेल याची खात्री नसते. पैसे वाचतील म्हणून बांधायला बसू नये. व्हाइस, पिसे आणि केस यांचा खर्च पहिली काही वर्षे दुकानातल्या फ्लायपेक्षा जास्तच होतो. घरून दोन डझन पुरेत, बाकी गळ रिकामे न्यावेत आणि पहिल्या संध्याकाळी नदी पाहून बांधावे. परतल्यावर डबी दोन दिवस उघडी ठेवावी, नाहीतर ओल्या पिसांखालचे गळ गंजतात.