लायका ३-एफमध्ये रोल भरताना

आज सकाळी लायका ३-एफ या जुन्या फिल्म कॅमेऱ्यात रोल भरला. या कॅमेऱ्याची पाठ उघडत नाही, फक्त तळाची पट्टी निघते. फिल्म खालून, अगदी अरुंद फटीतून आत सरकवायची असते.

म्हणून आधी कात्री. आजकालच्या रोलची जीभ, म्हणजे फिल्मच्या सुरुवातीचं कापून अरुंद केलेलं टोक, आखूड असते, या कॅमेऱ्याला ती साधारण १० सेंटिमीटर लांब लागते. आखूड ठेवली तर फिल्मचा पूर्ण रुंदीचा भाग फटीतच अडकतो, आणि जोर लावला की फाटलेला तुकडा कापडी शटरमध्ये जाऊन बसतो. तो काढायचा म्हणजे दुरुस्तीवाल्याकडेच जावं लागतं. काप फिल्मच्या कडेच्या दोन भोकांच्या मधल्या जागेतून घ्यावा, भोकावरून गेला की तिथूनच चीर पडते. कोपरा गोल करावा.

मग टेक-अप स्पूल (फिल्म जिच्यावर गुंडाळली जाते ती रीळ) बाहेर काढून जिभेचं टोक त्याच्या क्लिपखाली घट्ट सारायचं. कॅमेरा उलटा धरून रोल आणि स्पूल एकदमच खाली सोडायचे. भोकं दातेरी चाकात बसलीत का हे बघूनच तळ लावायचा, एवढी एक गोष्ट टाळू नका.

रिवाइंडची घुंडी हलकेच उलट फिरवून ढिलेपणा काढला. पुढे फिल्म सरकवायचा नॉब फिरवताना तीही फिरत होती, म्हणजे फिल्म सरकतेय. ती स्थिर राहिली असती तर क्लिप सुटली म्हणायची. दोन फ्रेम वाया घालवून फोटो मोजणारा काउंटर हाताने शून्यावर आणला. तो आपोआप येत नाही.