जुन्या स्टुलांची नोंद : वैशाखातली पारख

मंडळी, उन्हाळा हाच जुनं स्टूल घ्यायचा खरा हंगाम, हे माझं मत यंदा आणखी पक्कं झालं. आपल्या विदर्भात वैशाखात पारा ४५ च्या वर जातो, हवा ठणठणीत कोरडी होते आणि लाकूड आखडतं. सांध्यात जरा जरी फट असेल तरी ती याच दिवसांत उघडी पडते. आषाढ-श्रावणात तेच लाकूड हवेतली ओल पिऊन फुगतं आणि खिळखिळं स्टूलही घट्ट उभं राहतं. म्हणून मे महिन्यात, तेही दुपारी, जो सांधा हलत नाही तो माझ्या लेखी पास. समोरासमोरचे दोन पाय धरून स्टूल हलकेच पिळायचं. करकरलं तर दुरुस्तीचा खर्च धरूनच भाव करायचा.

या वेळचं सगळ्यात चांगलं स्टूल दारव्ह्याकडच्या एका जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याकडे मिळालं. एक वाडा उतरवला होता, त्याच्या तुळया आणि दाराच्या चौकटींच्या ढिगामागे हे पडलेलं. गोल बैठक, तीन पाय, वर धुळीचा थर. मी आधी ते उलटं केलं. स्टुलाचं खरं वय बैठकीच्या खालच्या बाजूला दिसतं, वरची बाजू कोणीही घासून-पुसून देतो.

खालून बोट फिरवलं तर हलक्या लाटा लागल्या. हाताच्या रंध्याचं काम असं लागतं. यंत्राच्या गोल करवतीनं कापलेल्या फळीवर कमानीसारख्या रेघा राहतात, तशी इथे एकही नव्हती. पायांची टोकं बाहेरच्या कडेनं जास्त झिजलेली, म्हणजे झीज वापराची. मुद्दाम घासलेले पाय सगळीकडून सारखे दिसतात. मग टेप काढला. बैठक लाकडाच्या रेषांच्या दिशेनं तेरा इंच भरली आणि आडवी पाव इंच कमी. लाकूड लांबीत जवळजवळ आखडत नाही, रुंदीत आखडतं. त्यामुळे गोल कापलेली अखंड फळी वर्षानुवर्षांनी किंचित लांबट होते. एवढ्यावरून वय ठरत नाही, पण बाकीच्या खुणा जुळत असतील तर ही मोठी साक्ष आहे. पाय बैठकीच्या आरपार गेलेले आणि वरून प्रत्येकात पाचर ठोकलेली. खिळा एकही नाही.

लाकूड सागाचं. नखानं खालून जरा खरवडलं की सागाचा तेलकट वास येतो, एकदा नाकात बसला की विसरत नाही. कडेला मात्र बोटभर पांढुरका पट्टा होता आणि त्यात बारीक भोकं. सागाचा गाभा टिकतो, पण सालीलगतचा हा पांढरा भाग किडा खातो, मग साग आलापल्लीचा असो की मेळघाटचा. भोकं पाहून घाबरायचं कारण नाही, ती ताजी आहेत का हे पाहायचं. आतून काळवंडलेली भोकं जुनी. आतून उजळ असून त्यातून पिठासारखा भुसा झडत असेल तर किडा जिवंत आहे. आणलेलं स्टूल मी काळ्या कागदावर, बाकीच्या लाकडी सामानापासून लांब, गोठ्यालगतच्या खोलीत ठेवतो. कागद कोरा राहिला तरच घरात. हे स्टूल कागद कोरा ठेवून पास झालं.

विक्रेते शंभर वर्षांच्या खाली बोलत नाहीत. कोणी म्हणतं मालगुजाराच्या, म्हणजे जुन्या जमीनदाराच्या घरचं, कोणी म्हणतं आपल्या जुन्या नॅरोगेज शकुंतला रेल्वेच्या स्टेशनातलं. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यातही अशा वस्तूंना किमान शंभर वर्षांची अट आहे, पण ते वय तोंडी ठरत नाही. स्क्रू पाहा. चौफुलीच्या खाचेचा, म्हणजे आपला स्टार स्क्रू, १९३० च्या दशकात अमेरिकेत आला. तो मूळ जोडणीत असेल तर शंभर वर्षांची गोष्ट तिथेच संपली. सांध्यात पांढरा गोंद सुकलेला दिसला तरी तेच. फेव्हिकॉल बाजारात आलं १९५९ साली, त्याआधीचे सुतार सरस, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्याचा गोंद वापरत. अर्थात दोन्ही खुणा नंतरच्या दुरुस्तीच्याही असू शकतात, म्हणून एकच सांधा पाहून निकाल देऊ नये. आणि साठ वर्षांचं चांगलं स्टूल मला शंभर वर्षांच्या मोडक्यापेक्षा केव्हाही प्यारं.

आता उंची. इथे लोक फार घाई करतात. आपल्या घरांत स्वयंपाक, जेवण, निवडणं-टिपणं सगळं जमिनीवर चालायचं, म्हणून जुन्या बैठकी ठेंगण्या. पाट चार बोटं, चौरंग त्याहून थोडा वर. तीस इंची टेबलाशी बसायला अठरा इंची बैठक लागते, आणि तेहतीस-चौतीस इंची ओट्याशी साधारण बावीस-तेवीस इंची. बैठक आणि वरची फळी यांत दहा ते बारा इंचांचं अंतर सोडा, मांड्या अडत नाहीत. उंची जुळत नसेल तर दुसरी जागा शोधा, पण जुन्या स्टुलाचे पाय कापू नका. माझं नवं स्टूल पंधरा इंची आहे, ते सपरीत, म्हणजे ओसरीत बसलं. तिथली फरशी जुनी, वरखाली आहे. तीन पाय कुठल्याही जमिनीवर टेकतात, डुगडुगत नाहीत. मात्र कडेला भार पडला की तीन पायांचं लवकर कलंडतं, म्हणून आईसाठी चार पायांचंच ठेवलं आहे.

पॉलिशची गोष्ट वेगळी सांगायला हवी. धूळ गेल्यावर खाली मधासारखा रंग दिसला. मी घासायचा पॉलिशपेपर हातात घेतला तेवढ्यात आमच्या गावचे सुतारकाका म्हणाले, "काऊन घासून राह्यला बाप्पा? हे लाखेचं पॉलिश हाय. थांब जरा." त्यांनी कापसाच्या बोळ्यावर स्पिरिट घेऊन खालच्या बाजूला टेकवलं. जागा चिकट झाली, बोळ्याला तांबूस रंग आला. म्हणजे लाखच. जुनी लाख स्पिरिटनं विरघळते, त्यामुळे तीच पुन्हा पसरवता येते. नवं चढवायची गरज पडत नाही. काकांनी तसंच केलं, चट्टे गेले, रंग तोच राहिला. आपल्या पळस, बोर, कुसुमावर होणाऱ्या किड्याची ही लाख, आणि तिची ती झाक मला पीयूच्या, म्हणजे पॉलियुरेथेन पॉलिशच्या चकाकीत कधी सापडली नाही. गरम चहाचा कप मात्र थेट ठेवू नका, पांढरं कडं उमटतं.

जिथे पॉलिश उरलेलंच नव्हतं त्या दुसऱ्या स्टुलाला जवसाचं तेल पातळ हातानं लावतो आहे. एक हात पूर्ण वाळला की दुसरा. तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि गोळ्यात कोंडलेली उष्णता फडकं पेटवू शकते. आपल्या उन्हाळ्यात तर हा धोका जास्त. फडकी तारेवर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवा.

पुढचं काम माचीचं, म्हणजे दोरीनं विणलेल्या ठेंगण्या बैठकीचं. चौकट साबूत आहे, वीण पार गेली आहे. नायलॉनची पट्टी बाजारात लगेच मिळते, पण मला अंबाडीच्या दोरीचीच हवी. दोरी वळणारे एक आजोबा सापडले आहेत. माची विणणारं कोणी तुमच्या गावात असेल तर जरूर कळवा, चौकट घेऊन मी येईन.