हंबरकाठची रिकामी जागा

आई पुण्याहून आली की संध्याकाळी तिला फिरायला न्यावंच लागतं. टोरंटोत आमच्या घराजवळ, हंबर नदीच्या काठाला रेमोर पार्क आहे. पहिल्याच दिवशी तिने विचारलं, "अगं, एवढी मोक्याची जागा, इथे कुणी बिल्डिंग कशी नाही बांधली?"

इथे घरं होती. १५ ऑक्टोबर १९५४ च्या रात्री हेझेल वादळाचा पाऊस कोसळला. नदीवरचा पादचारी पूल एका बाजूने तुटून पाण्यात आडवा झाला आणि लोंढा थेट रेमोर ड्राइव्हवर वळला. त्या एका रस्त्यावर ३५ माणसं गेली, सगळ्या ओंटारिओत ८१. पुलाचा काँक्रीटचा पाया अजून काठावर आहे. आई त्याला हात लावून बराच वेळ उभी राहिली.

पुढे नदीकाठच्या अशा जमिनी सरकारी पैशाने विकत घेतल्या गेल्या आणि तिथे बागा झाल्या. मला त्याहून मोलाची वाटते ती नंतरची व्यवस्था. १९५७ साली इथल्या नद्यांची आणि त्यांच्या खोऱ्यांची देखरेख करणाऱ्या चार लहान प्राधिकरणांचं मिळून एकच प्राधिकरण झालं. त्याची हद्द शहराच्या वेशीवर संपत नाही, ती पाणलोटाप्रमाणे ठरते. हंबर वर कॅलेडनकडून येते, वॉनमधून वाहते आणि टोरंटोत येऊन ओंटारिओ सरोवराला मिळते. त्यामुळे वरच्या गावांचे आणि खालच्या शहराचे प्रतिनिधी एकाच मंडळावर बसतात, आणि खर्चाचा वाटाही सगळे उचलतात. वरच्या गावाने शेतं बुजवून वसाहत उभी केली, तर ते पाणी खाली कुणाच्या तळघरात शिरणार, हा प्रश्न तिथे टाळता येत नाही.

पूररेषाही हेझेलवरूनच आखतात: ४८ तासांत २८५ मिलिमीटर. तसा पाऊस आपल्याच नदीवर पडला तर पाणी कुठवर चढेल, ते ठरवायचं आणि त्या रेषेच्या आत प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय बांधकाम करायचं नाही. ब्रॅम्प्टनमधल्या माझ्या मैत्रिणीचं घर ओढ्यालगत आहे. मागे साधा लाकडी डेक बांधायचा होता, तर पालिकेने आधी प्राधिकरणाची परवानगी आणायला सांगितलं. ती वैतागली. मी मात्र नियमाच्या बाजूने बोलले आणि आमचं थोडं वाजलंही. घरबांधणीला वेग देण्यासाठी केलेल्या ओंटारिओच्या २०२२ च्या कायद्याने नव्या बांधकामांबाबत मत देण्याचा या प्राधिकरणांचा अधिकार पूर आणि धूप अशा धोक्यांपुरताच ठेवला आहे. घरांची टंचाई खरी आहे, तरी याची मला काळजी वाटते.

आईला हे सगळं सांगत होते, तर ती म्हणाली, "आपल्या पुण्यातल्या आंबिल ओढ्याचं असंच की. वर ग्रामपंचायत, खाली महापालिका." खरंच होतं ते. २०१९ मध्ये त्या ओढ्याला पूर आला, तेव्हा कात्रज तलावाच्या वर भिलारेवाडी, मांगडेवाडी पालिकेच्या हद्दीबाहेर होत्या. पाण्याला ती हद्द कुठून कळणार?

मग बाकावर बसून आईने २५ सप्टेंबरच्या त्या पुराच्या रात्रीचं सगळं सांगितलं. अरण्येश्वरला मावशीच्या चाळीत भिंत पडल्याचा आवाज, अंधारात एकमेकांना मारलेल्या हाका, आणि सकाळी चिखलात सापडलेला देव्हारा. पाच वर्षं मी तिला फोनवर विचारत होते, तर ती प्रत्येक वेळी एवढंच म्हणायची, "सगळे ठीक आहेत गं."