पुणे ते सासवड: घाटाच्या पुढचं चालणं

पुण्यातली पुष्कळ माणसं वारीतला हा एकच टप्पा चालतात, आणि नेमका हाच टप्पा वाटेवरच्या सर्वांत लांब टप्प्यांपैकी आहे. माउलींची पालखी भवानी पेठेतल्या पालखी विठोबा मंदिरात आणि तुकोबांची नाना पेठेतल्या निवडुंग्या विठोबा मंदिरात दोन रात्री मुक्कामाला असते. पहाटे दोन्ही पालख्या निघतात. हडपसरला वाटा फुटतात: तुकोबांची पालखी लोणी काळभोरकडे जाते, माउलींची सासवडकडे. भवानी पेठेपासून सासवडपर्यंत अंतर साधारण तीस किलोमीटर.

नवखा माणूस दिवे घाटाला घाबरतो. घाट चार-पाच किलोमीटरचा आहे. गर्दी आणि टाळ-मृदंगाचा गजर यांच्या जोरावर तो चढून होतो. पाय बोलू लागतात ते घाटमाथ्यावरच्या झेंडेवाडीच्या पुढे. सपाट रस्ता, संध्याकाळ, अजून आठ-दहा किलोमीटर बाकी, आणि घाट चढलो म्हणजे पोचलोच असं मनाने ठरवून टाकलेलं. म्हणून ताकदीचा हिशेब घाटमाथ्यापर्यंत धरू नका, सासवडच्या तळापर्यंत, म्हणजे पालखीच्या मुक्कामाच्या जागेपर्यंत धरा.

दुसरी गोष्ट उपवासाची. आळंदीहून प्रस्थान ज्येष्ठ वद्य अष्टमीला होतं, त्यामुळे पुणे सोडण्याचा दिवस बहुतेक वेळा एकादशीचा येतो. सर्वांत लांब चाल आणि पोटात फराळ. हडपसरपर्यंत चौकाचौकात साबुदाण्याची खिचडी मिळते, आणि प्रेमाने पुढे केलेला द्रोण नाकारवत नाही. तरी एका वेळी छोट्या वाटीपेक्षा जास्त घेऊ नका. तेल आणि दाण्याचं कूट पचायला वेळ लागतो, आणि भरल्या पोटी घाट चढताना मळमळतं. दर दीड-दोन तासांनी एक केळं, दोन खजूर किंवा राजगिऱ्याचा लाडू हे प्रमाण चांगलं. घामावाटे मीठ जातं, त्यामुळे नुसतं पाणी पीत राहिलं तर डोकं दुखतं आणि गळून गेल्यासारखं होतं. लिंबाच्या सरबतात सैंधव घाला. ओआरएसचं लिटरचं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच मिसळा. थोड्या पाण्यात घट्ट करून प्यायलं तर तहान वाढते, कधी जुलाबही लागतात. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपवासाचं डॉक्टरांशी आधी बोलून घ्यावंच.

आता पाय. निम्म्या लोकांची वारी पायांपाशीच अडते. फोड चालण्याने येत नाही, ओल्या कातडीवरच्या घासण्याने येतो. सपाटीवर तो तळव्याच्या पुढच्या भागात आणि बोटांच्या बेचक्यात येतो. चढावर टाच बुटात वरखाली होते, म्हणून टाचेवर येतो. त्यामुळे वडकी नाल्याला थांबलात की घाट लागण्याआधी नाडी सोडून घोट्यापाशी घट्ट बांधा, बोटांवर सैल ठेवा. सकाळी निघताना बेचक्यांत व्हॅसलीन किंवा खोबरेल चोळा, मांड्यांनाही. मोज्यांचे तीन जोड हवेत, तेही पूर्ण सुती नकोत, कारण सूत पाणी धरून ठेवतं. नवे बूट तर अजिबात नकोत. कुठे चुरचुरलं की पुढच्या विसाव्याची वाट न पाहता तिथेच बाजूला बसा, पाय कोरडा करा, कागदी चिकटपट्टी लावा. फोड आलाच आणि दुखत नसेल तर फोडू नका. फुटला तर वरची कातडी ओढून काढू नका, तीच आतल्या जखमेचं झाकण आहे.

रस्त्याच्या एकाच कडेने तीस किलोमीटर चालू नका. डांबरी रस्ता मधे उंच आणि कडेला उतरता असतो, त्यामुळे एकाच गुडघ्यावर ताण येतो. अधूनमधून बाजू बदला. मात्र बदलताना दिंडीच्या मधून आडवं जाऊ नका. टाळकऱ्यांच्या ओळी, मृदंग, विणेकरी अशी तिची रचना असते, आणि मधे घुसणाऱ्याने चाल व भजन दोन्ही तुटतं. दिंडी पुढे जाऊ द्या, मग ओलांडा.

रथाबरोबर चालायचं की पुढे, हे हडपसरच्या आत ठरवा. रथाची वाट शिंदे छत्री, हडपसर, उरुळी देवाची, वडकी नाला, घाट, झेंडेवाडी अशी. घाटात रथाला जादा बैलजोड्या लावतात, आणि तो सोहळा पाहायला कड्यांवर माणसं दाटलेली असतात. रथाजवळ चालणं म्हणजे अर्धं पाऊल टाकणं आणि पुन्हा थांबणं. पोटऱ्या चढाने नाही, या थांबण्याने भरतात. पहिल्यांदाच चालणाऱ्याने रथाच्या तासभर पुढे राहावं असं मला वाटतं. घाटमाथ्यावर कडेला बसून रथ वर येताना नीट बघता येतो आणि विश्रांतीही होते. स्वच्छतागृहाचं काम मात्र वडकीलाच उरकून घ्या. घाटात सोय नाही, आणि बायकांची तिथे फार अडचण होते.

पाठीवर तीन किलोंपेक्षा जास्त ओझं नको. रेनकोटच्या आत घामाने भिजायला होतं, त्यापेक्षा वारकऱ्यांसारखा प्लॅस्टिकचा कागद बरा.

सासवडला पोचलात की लगेच परतू नका. तळावर समाजआरती असते. सगळ्या दिंड्या पालखीभोवती उभ्या राहतात, चोपदार दंड उंचावतात आणि हजारो टाळ एकदम थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती टाळ वाजवत राहते, आणि चोपदार तिच्यापाशी जाऊन तिचं म्हणणं ऐकतात. हरवल्या-सापडल्या वस्तूंची घोषणाही इथेच होते, तेव्हा वाटेत काही गेलं असेल तर कान देऊन ऐका.

परतीचा दिवे घाट त्या दिवशी वाहनांना बंद असतो, वाहतूक बोपदेव घाटाकडे वळवलेली असते. फोनला रेंज मिळेलच असं नाही, म्हणून घ्यायला येणाऱ्याशी जागा सकाळीच ठरवा, आणि ती तळापासून जरा लांब, कोंढव्याच्या रस्त्याच्या बाजूला ठेवा.